आपल्या कॅलेंडरवर आपला डोंगर



आज मी तुमच्याशी कर्जफेडीबद्दल बोलणार नाही, की हिशेबाच्या वहीबद्दलही नाही. आज बोलायचंय सहलीबद्दल. तीही देवदर्शनाची नाही, लग्नकार्याची नाही. आम्ही आठ बायका दोन दिवस डोंगराचे फोटो काढायला गेलो होतो, त्याबद्दल. हसलात ना? आमच्या गावातही हसले होते. पण आधी ऐका तर खरं.

आमचा गट दर वर्षी नव्या सालाचं कॅलेंडर छापतो. पापड, मसाला, शेवया घेणाऱ्या गिऱ्हाइकांना देतो, थोडी विकतो. खाली गटाचं नाव, फोन नंबर. आणि वर चित्र कुठलं? छापखान्यात जे तयार असेल ते. दोन वर्षांपूर्वी आलं बर्फाचा डोंगर, निळं तळं आणि लाकडी घर. आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी ते भिंतीवर टांगलं, लांबून बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, गट आपला, नाव आपलं, आन् डोंगर गं कुणाचा?"

मला उत्तर सुचेना. मी बीए केलं ते भूगोल घेऊन. सह्याद्रीच्या रांगा नकाशात भरून मार्क मिळवले. आणि आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर असताना माझ्या गटाच्या भिंतीवर परदेशातला डोंगर! त्या महिन्याच्या बैठकीत ठराव झाला. पुढच्या कॅलेंडरला बारा महिन्यांचे बारा फोटो आपण काढायचे, आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरांचे.

ठराव सोपा असतो हो. पहिल्या खेपेला आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. जुलैत कुणीतरी म्हणालं, पावसात डोंगर हिरवागार असतो, चला. जीप ठरवली आणि निघालो. पसरणी घाट चढेपर्यंत सगळं ठीक. वर गेलो आणि पांढरं फट्ट धुकं. दहा हातांवरचं माणूस दिसेना, दरी कुठली दिसायची? छत्र्या उलट्या झाल्या, दोन फोनांत पाणी गेलं. संध्याकाळी परत आलो ते चिंब भिजून, पैसे घालवून. घरोघरी एकच वाक्य ऐकायला मिळालं, "सांगितलं होतं ना!" एकीचे मालक तर म्हणाले, "गूगलवर ढीगभर फोटो पडलेत, त्यासाठी डोंगरावर कशाला जायला पाहिजे?"

मैत्रिणींनो, ते दुखणं फोन बिघडल्याचं नव्हतं. बायकांनी स्वतःसाठी एक गोष्ट ठरवली आणि ती फसली, की पुढची दहा वर्षं तिचा दाखला देतात. म्हणून दुसऱ्यांदा जायचं तर नीट आखून जायचं, असं मी मनाशी घट्ट केलं. ते आखणं कसं केलं, तेच आज सांगते.

पहिली गोष्ट, महिना. डोंगराचे फोटो चांगले यायला हवा स्वच्छ लागते. पावसानं धूळ खाली बसवलेली असते, गवत अजून पुरतं वाळलेलं नसतं, आकाश मोकळं असतं. असे दिवस दिवाळीनंतर येतात. मार्चनंतर उन्हाची धूसर चढते आणि लांबचे डोंगर पुसल्यासारखे दिसतात. पण आपल्याला हवा बघून भागत नाही, आपलं कामही बघावं लागतं. आमच्याकडं ज्वारीची पेरणी आटपलेली असते, काढणी लांब असते. मधले दिवस जरा सैल. दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्यांचे दर दुप्पट होतात. कार्तिकीला आमच्या भागातल्या एसट्या पंढरपूरकडे वळतात. म्हणून आम्ही धरलं कार्तिकी झाल्यानंतरचा मंगळवार आणि बुधवार. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. आणि कॅलेंडर डिसेंबरात छापायचं, तर त्याआधी फोटो हातात पाहिजेत, हाही हिशेब होता.

दुसरी गोष्ट, पैसा. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, हे पहिल्या दिवशीच लिहून घेतलं. आठही जणींनी महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले, पंधरा महिने. प्रत्येकीचे झाले दीड हजार. जीप ठरवण्याऐवजी एसटीनं गेलो. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना तिकीट निम्मं आहे, आणि आमच्या काकूंनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यांना तर प्रवास मोफत. आधार कार्ड मात्र त्यांच्या पिशवीत आठवणीनं ठेवलं. मुक्कामाला एक रात्र दोन खोल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा दिवस जीप, बाकी जेवण-चहा. पहिल्या दिवशीच्या भाकरी, चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू घरूनच नेले. सगळं मिळून माणशी तेराशेत भागलं. उरलेले दोनशे कॅलेंडरच्या छपाईला गेले.

तिसरी गोष्ट घराची. ही सगळ्यात अवघड. बाई दोन दिवस बाहेर म्हणजे धार कोण काढणार, डबा कोण करणार, सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? पहिल्या खेपेला आम्ही हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. या खेपेला गटाच्या वहीत दोन पानं आखली. डाव्या बाजूला जाणाऱ्या बाईचं काम, उजव्या बाजूला ते कोण करणार त्याचं नाव. न जाणाऱ्या बायकांनी तीन घरच्या म्हशी वाटून घेतल्या. दोन घरी मुलांनीच भाताचा कुकर लावायचं कबूल केलं. ज्यांनी गूगलचं सांगितलं होतं त्या मालकांनीही शेवटी धार काढली. आढेवेढे घेतले, पण काढली. पुढच्या वेळी जाणाऱ्या आणि थांबणाऱ्या बदलायच्या, हेही त्याच पानावर लिहिलंय.

आता जागा. महाबळेश्वरात म्हणायला ढीगभर पॉइंट आहेत. गाडीवाला म्हणतो, बारा दाखवतो. बारा बघायला गेलं की एकही नीट दिसत नाही. उतरायचं, पळायचं, फोटो काढायचा, परत गाडीत. आम्ही चारच जागा ठरवल्या. ठरवताना दोन प्रश्न विचारले. एक, काकूंचे गुडघे तिथं पोचतील का? दोन, त्या वेळेला तिथं ऊन कुठून येईल?

दुसरा प्रश्न फोटोसाठी फार महत्त्वाचा आहे. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं. डोंगराची एक बाजू उजळते, दुसरीवर सावली पडते, आणि चढ-उतार उठून दिसतात. भरदुपारी ऊन डोक्यावर असतं, सगळा डोंगर एका रंगाचा, पिठाच्या गोळ्यासारखा सपाट दिसतो. म्हणून सकाळची जागा वेगळी, संध्याकाळची वेगळी, आणि दुपार प्रवासाला किंवा सावलीतल्या फोटोंना. नोव्हेंबरच्या शेवटाला आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. आपण त्याच्या अर्धा तास आधी जागेवर पाहिजे.

म्हणून बेत असा आखला. मंगळवारी पहाटेची एसटी. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत सातारा, तिथून वाई. वाईत पोचेपर्यंत ऊन चढलेलं, म्हणून पहिली जागा मेणवली. तिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि मागं कृष्णेचा दगडी घाट. वाईहून वडापनं जाता येतं. घाटावर झाडांची सावली, पायऱ्या, पाणी, त्यामुळे दुपारीही फोटो निघतात. तिथल्या छोट्या देवळात भली मोठी घंटा आहे, वसईच्या स्वारीत पोर्तुगीजांकडून आणलेली. धुणं धुणाऱ्या बायका होत्या. आमच्यातली एक पटकन फोन रोखायला गेली. मी थांबवलं. आपण नदीवर धुणं धूत असताना कुणी आपला फोटो काढला तर चालेल का? आधी विचारायचं. विचारलं. दोघी हसून नको म्हणाल्या, तिसरी म्हणाली, "काढा, पण मला पाठवा." तिचा नंबर घेतला आणि फोटो पाठवलाही.

दुपारच्या गाडीनं पसरणी घाट चढून पाचगणी. खिडकीची जागा पाळीपाळीनं. चार वाजता टेबललँड. नावाप्रमाणंच डोंगराचा माथा टेबलासारखा सपाट, जांभ्या दगडाचा. वरपर्यंत चढावं लागतं तेवढंच, पुढं चाल सपाट. काकूंना घोडागाडीत बसवलं. दर आधी ठरवला, मग बसवलं. सूर्य खाली येऊ लागला तशी गवताची पाती सोनेरी झाली. तिथं दोन तास आम्ही हललो नाही. मग शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून महाबळेश्वर. तिथून पाचगणी अठरा-वीस किलोमीटर. परतीची आणि शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवावं, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही.

बुधवारी पहाटे साडेपाचला उठलो. थंडी अशी की दात वाजत होते. स्वेटर, कानटोपी, त्यावर शाल. विल्सन पॉइंटला म्हणजे सिंडोळ्याला अगदी वरपर्यंत गाडी जाते, काकूंना पन्नास पावलंही चालावं लागलं नाही. महाबळेश्वरातली ही सगळ्यात उंच जागा, 1,400 मीटरच्या वर. तिथून उतरून चौथी जागा, क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेचं मंदिर, गोमुखातून येणारं पाणी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांची तिथं पूजा होते. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथून कृष्णेचं खोरं दिसतं. मुंबई पॉइंटचा सूर्यास्त आम्ही सोडला. लिंगमळ्याचा धबधबा सोडला, तिथं उतार आहे. सोडायला शिका, मैत्रिणींनो, नाहीतर सहलीची दमछाक होते. दुपारी मेढ्याच्या रस्त्यानं सातारा आणि रात्री घरी.

आता फोनचं सांगते. आम्ही आठ जणी आणि चांगले फोन चार. म्हणून जोड्या केल्या. एक फोन, दोघींची पाळी. एकीनं काढायचा, दुसरीनं तिच्या पायाकडं लक्ष ठेवायचं. हे गमतीनं नाही सांगत. फोनच्या पडद्यात बघत मागं सरकणं ही कड्यावरची सगळ्यात धोक्याची गोष्ट. कठड्याच्या आत उभं राहायचं, कड्याकडं पाठ करून सेल्फी काढायचीच नाही, हा नियम. माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी धरायची नाही.

निघायच्या आदल्या रात्री फोन रिकामा करा. सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसाचे केक काढून टाका. माझ्याच फोनात असे अकराशे निघाले. चार्जर आणि पॉवर बँक घ्या. फोन थंडीत लवकर उतरतो, तो शालीच्या आत ठेवा. फोटो काढण्याआधी भिंग सुती रुमालानं पुसा. आपल्या फोनला पिठाचे, तेलाचे हात लागलेले असतात, निम्मे फोटो त्यानंच धुरकट येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड म्हणून असतं, ते सुरू केलं की पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा येतात. क्षितिज त्या रेघेला समांतर ठेवा, म्हणजे डोंगर कलंडत नाही. बोटांनी ओढून जवळ आणू नका, त्यानं फोटो फाटतो. आपणच दोन पावलं पुढं जा, कठडा बघून. उजळ आकाश पांढरं फट्ट येत असेल तर पडद्यावर आकाशाला बोट लावा आणि उजेडाची खूण खाली ओढा, रंग परत येतो. कोपरं पोटाशी दाबून धरा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा.

आणखी एक युक्ती. नुसती दरी काढली तर ती किती खोल ते कळत नाही. पुढं काहीतरी जवळचं घ्या. एखादं झाड, खडक, पाठमोरी उभी बाई. मग नजर जवळून लांब जाते आणि खोली कळते. हे आम्हाला शिकवलं कुणी? कुणीच नाही. टेबललँडवर एकीच्या फोटोत चुकून दुसरीचा पदर आला, आणि तोच फोटो सगळ्यांत चांगला ठरला.

आता विल्सन पॉइंटवरची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं बोलतेय.

सूर्य उगवला. पूर्वेला डोंगरांच्या रांगांमागं रांगा, जवळची गडद, लांबची फिकी, शेवटची तर नुसती धुराची रेघ. सगळ्या जणी फोटो काढत होत्या. काकूंनी मला विचारलं, "आपलं गाव कुठल्या अंगाला?" मी पूर्वेला बोट दाखवलं. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. परीक्षेत मी लिहिलं होतं, पर्जन्यछायेचा प्रदेश. समुद्रावरनं आलेले ढग या डोंगराला अडतात, इथंच रिते होतात आणि पलीकडं जाताना त्यांच्यात काही उरत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्या माणात पाचशेच्या आतबाहेर. एकाच जिल्ह्यात. हे मला पाठ होतं, पण त्या सकाळी पहिल्यांदा डोळ्यांनी कळलं. पाठीमागं ओलं, दाट रान आणि पुढं पायऱ्या उतरावं तसे कोरडे होत जाणारे डोंगर.

मी काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प. जन्मभर डोक्यावरनं पाणी वाहिलेली ही बाई. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहून त्यांचे गुडघे गेले. मला वाटलं, आता म्हणतील, पाऊस सगळा इथंच का पडावा. पण त्या म्हणाल्या, "सूर्य तर आपल्या गावावरनंच आला की. दे तो फोन." त्यांनी कधी फोटो काढला नव्हता. मी ग्रिड दाखवलं, बटण दाखवलं. एकच फोटो काढला त्यांनी, गावाच्या दिशेचा.

नंतर पंचगंगेच्या मंदिरात मी त्यांना आणखी एक सांगितलं. आपली माणगंगा पंढरपूरच्या बाजूला भीमेला मिळते, आणि भीमा पुढं कर्नाटकात कृष्णेला. म्हणजे या गोमुखातलं पाणी आणि आपल्या ओढ्याचं पाणी शेवटी एका ठिकाणी येतं. काकू म्हणाल्या, "लांबनं का हुईना, भेटत्यात." आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

घरी आल्यावर मोजले तर सहाशेच्या वर फोटो. त्यातले निम्मे हलले होते, कित्येकांत कोपऱ्यात बोट होतं. छत्तीस फोटो लहान आकारात छापून घेतले, बैठकीत सतरंजीवर मांडले आणि प्रत्येक बाईच्या हातात बारा हरभरे दिले. आवडेल त्या फोटोवर हरभरा ठेवायचा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचं मतही तेवढ्याच वजनाचं. बारा फोटो निवडले गेले.

एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. एका बाईचा दरीतल्या धुक्याचा सुंदर फोटो हरभऱ्यांत दुसरा आला होता. पण तिनं तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला आणि फोनातला मूळ फोटो पुसून टाकला. तसा पाठवला की फोटो लहान होतो. छापखानेवाले दादा म्हणाले, मोठा केला तर फुटेल. ती रडकुंडीला आली. म्हणून मूळ फोटो पुसायचा नाही, आणि पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. शिवाय कॅलेंडरला आडवे फोटो लागतात, फोन आडवा धरायची सवय करा.

काकूंच्या फोटोला सगळ्यात जास्त हरभरे पडले. तो कुठल्या महिन्याला लावायचा यावर वाद झाला. कुणी म्हणालं जानेवारी, पहिलं पान. काकू म्हणाल्या, "मे म्हैन्याला लावा. तवा हंडा घेऊन थांबल्यावर बघायला बरा." मे महिन्याला लावला.

तुम्ही महाबळेश्वरलाच जावं असं नाही. कोल्हापूरकडच्या बायकांना पन्हाळा आहे, सिंधुदुर्गात आंबोली, विदर्भात चिखलदरा, संभाजीनगरकडे वेरूळजवळ म्हैसमाळ. नाशिककडच्या सप्तशृंगीला तर वर जायला रोपवेसारखी ट्रॉली आहे. सगळीकडं गाडी जाते, दम लागत नाही. आणि अगदीच जमलं नाही तर आपला शिखर शिंगणापूरचा डोंगर आहेच. फक्त महिना बघा, ऊन बघा, चारच जागा धरा, कर्ज काढू नका, आणि घरच्या कामाची दोन पानं आखल्याशिवाय निघू नका.

पुढच्या खेपेला कासला जायचं ठरतंय, सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत. तिथं आधी नोंदणी करावी लागते, ते काम मी अंगावर घेतलंय. या वेळी म्हशीची धार काढायची पाळी माझ्याकडं आहे, मी जाणार नाही. पण वहीत बघितलं, तर ज्या मालकांनी गूगलचं सांगितलं होतं, त्यांनी न विचारता उजव्या बाजूच्या पानावर स्वतःचं नाव लिहून ठेवलंय.

चला, धारेची वेळ झाली. नमस्कार.